लुटता न येणारे ज्ञान

रोजाच्या तीन पायऱ्या आहेत, असे इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली यांनी नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. पहिली पोटाची, म्हणजे अन्नपाणी वर्ज्य करण्याची. दुसरी डोळे, कान, जीभ आणि हातपाय यांना वाईटापासून दूर ठेवण्याची. तिसरी सर्वांत अवघड. तिथे मनच अल्लाहखेरीज इतर सर्व विचारांचा उपवास करते. या तिसऱ्या पायरीकडे वळण्यासाठी स्वतः गझालींना भर उमेदीत मोठे पद आणि प्रतिष्ठा सोडावी लागली.

त्यांचा जन्म १०५८ साली खुरासानमधील तूस या गावी झाला. आजच्या इराणमधील मशहद शहराजवळ हे ठिकाण आहे. वडील लवकर गेले. जाण्यापूर्वी त्यांनी मुहम्मद आणि अहमद या दोन मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले होते. पुढे दोघेही भाऊ विद्वान झाले. तरुणपणीचा एक प्रसंग सांगतात. जुर्जानहून शिकून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझालींनी टोळीच्या म्होरक्यामागे जाऊन आपल्या वह्या तेवढ्या परत मागितल्या, कारण सारे शिक्षण त्यांतच होते. वह्या गेल्या की जे जाते ते ज्ञान कसले, असे म्हणून म्होरक्या हसला आणि वह्या त्याने परत केल्या. गझालींच्या मनाला ते लागले. पुढची तीन वर्षे त्यांनी त्या वह्या मुखोद्गत करण्यात घालवली.

नंतर निशापूरला इमाम जुवैनी यांच्या हाताखाली ते कायदा, तर्कशास्त्र आणि धर्मशास्त्र शिकले. सेल्जुक सल्तनतीचे वजीर निझाम-उल-मुल्क यांनी १०९१ साली त्यांना बगदादच्या निझामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. तेव्हा ते अवघे तेहतीस वर्षांचे होते. समोर तीनशे विद्यार्थी बसत. वादविवादात त्यांच्यापुढे कोणी टिकत नसे. खलिफाच्या दरबारात मान होता. बाहेरून पाहणाऱ्याला या माणसाला काही कमी आहे, असे वाटले नसते.

त्याच काळात त्यांनी स्वतःची झडती घ्यायला सुरुवात केली. आपण शिकवतो ते कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. प्रामाणिकपणे पाहिले तेव्हा उत्तर मिळाले की हे सारे नावलौकिकासाठी चालले आहे. रोज सकाळी बगदाद सोडण्याचा निश्चय व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत तो मोडायचा. १०९५ साली जवळपास सहा महिने ही ओढाताण चालली. अखेर एके दिवशी वर्गात त्यांची जीभच अडली. शब्द फुटेना, घास गिळेना. आजार मनाचा आहे, औषधाने बरा होणार नाही, असे हकिमांनी सांगितले.

मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. मदरशातील जागेवर भाऊ अहमद शिकवू लागले. मक्केला जातो असे सांगून गझाली निघाले आणि दमास्कसला पोहोचले. तिथल्या मोठ्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसचे दिवस एकटे बसत. पुढे जेरुसलेमला गेले. हेब्रॉन येथे हजरत इब्राहीम यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन गोष्टींची शपथ घेतली : सुलतानांच्या दरबारात जायचे नाही, त्यांचा पैसा घ्यायचा नाही, जिंकण्यासाठी वाद घालायचा नाही. हजही केली.

या भटकंतीच्या आणि एकांताच्या वर्षांत हाती लागले ते त्यांनी चाळीस प्रकरणांच्या ‘एह्या-उल-उलूम’ या महाग्रंथात मांडले. सामान्य माणसांसाठी मग फारसीत ‘कीमिया-ए-सआदत’ लिहिले. त्याची सुरुवातच स्वतःला ओळखण्यापासून होते. आपण कोण, कुठून आलो, कुठे जाणार, हे आधी विचारा, असे ते शिकवतात. डोळे मिटून शरीर, जमीन, आकाश सारे विसरून पाहा. तरीही आपण आहोत ही जाणीव उरतेच. तिचा शोध घेतला की ईश्वराच्या ओळखीचे दार उघडते. मन त्यांना आरशासारखे वाटे. वासना आणि अहंकार यांचा गंज घासून काढला की त्यात प्रकाश आपोआप उमटतो.

तौहीद, म्हणजे ईश्वराचे एकत्व, समजावताना त्यांनी अक्रोडाचा दाखला दिला. नुसते जिभेने एकत्व बोलणे ही वरची हिरवी साल. मनापासून मानणे हे कठीण कवच. जे काही घडते ते त्या एकाकडूनच घडते, हे आतून दिसणे हा गर. आणि शेवटी एकाशिवाय दुसरे काही दिसतच नाही, पाहणाऱ्याला स्वतःचाही विसर पडतो, ते अक्रोडाचे तेल. मात्र या अवस्थेत पोहोचलेला माणूस स्वतः ईश्वर झाला, असे समजणे चूक आहे, हेही त्यांनी बजावले. स्वच्छ काचेच्या पेल्यातला रंग पाहून काचच रंगीत आहे असे वाटावे, तशी ती गफलत होते. म्हणून नमाज, रोजा आणि लोकांशी सचोटीचा व्यवहार त्यांनी कुणालाच माफ केला नाही.

अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, वजिराच्या आग्रहावरून त्यांनी निशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवणे पत्करले. राज्यकर्त्यांपासून दूर राहण्याच्या शपथेमुळे हा निर्णय सोपा नव्हता. पूर्वी आपण मान मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारी शिकवतो आहोत, असा खुलासा त्यांनी लिहून ठेवला. थोड्याच काळात ते तूसला परतले. घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह उभारला. डिसेंबर ११११ मध्ये एका सोमवारी पहाटे त्यांनी वजू केली, नमाज अदा केली, आपले कफन मागवून घेतले आणि शांतपणे देह ठेवला.

तरुणपणी वाटेवर लुटल्या गेलेल्या वह्या त्यांनी पाठ केल्या खऱ्या, पण पाठ केलेले ज्ञानही बगदादच्या वर्गात जीभ अडताच निरुपयोगी ठरले. दमास्कसच्या मिनारात हाती आले ते मात्र अखेरच्या पहाटेपर्यंत सोबत राहिले. इफ्तारच्या वेळी पोटाचा रोजा सुटतो. मनाचा रोजा ईदनंतरही सुरू ठेवता येतो, हे इमाम गझालींच्या आयुष्याकडे पाहिले की कळते.