जुन्या गल्ल्यांचा वैद्य

बचत गटाच्या कामानिमित्त अमरावतीच्या परकोटाआतल्या गल्ल्यांमध्ये माझं नेहमी जाणं-येणं असतं. पेंढाऱ्यांपासून पेठेचं रक्षण व्हावं म्हणून निजामाच्या राजवटीत, १८०७ मध्ये या परकोटाचं काम सुरू झालं. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या! तिथल्या बायकांमध्ये कायम दोन मतं. काही म्हणतात, जुनं पाडून एकदाचे रुंद रस्ते होऊ द्या. काही म्हणतात, वाडवडिलांच्या दगडालाही हात लावू नका. अकोल्यात असदगडाजवळच्या जुन्या शहरातही हेच ऐकू येतं. अशा वेळी मला पॅट्रिक गेडिस आठवतात.

गेडिस यांचा जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. म्हणजे आपल्या दादासाहेब खापर्ड्यांच्याच वयाचे. शिक्षणानं ते जीवशास्त्रज्ञ. १८८६ मध्ये अ‍ॅनाशी लग्न झालं आणि लवकरच हे जोडपं एडिनबरोच्या जुन्या वस्तीत राहायला गेलं. पैसेवाले तिथून केव्हाच निघून गेले होते. या दोघांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून घाण उपसली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडं लावली. वस्ती न पाडताही सुधारते, हे त्यांनी आधी स्वतःच्या घरापासून दाखवलं.

१९१४ मध्ये ते भारतात आले. ठाणे, वांद्रे, मदुराई, तंजावर अशी कितीतरी गावं त्यांनी पायी हिंडून पाहिली. साहेबी आराखड्यांत सरळ रेघ मारायची अन् वाटेतली घरं पाडायची, अशी रीत होती. गेडिस यांचं मत वेगळं. पडकं तेवढंच काढा, त्या मोकळ्या जागेत झाड लावा, पार बांधा, बाकी घरं दुरुस्त करा. खर्चही कमी आणि कुणाचा संसारही उघड्यावर येत नाही. अंगणातल्या तुळशीचं मोल त्यांना कळलं होतं.

१९१७ हे वर्ष मात्र फार कठीण गेलं. मुलगा अ‍ॅलसडेर महायुद्धात मारला गेला. अ‍ॅना तेव्हा भारतात आजारी होती. तिला धक्का बसू नये म्हणून ते मुलाची जुनीच पत्रं तिला वाचून दाखवत राहिले. काही आठवड्यांत तीही गेली. केवढं हे दुःख!

तरी काम थांबलं नाही. होळकरांच्या इंदुरात प्लेगची भीती होती. त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरवली; जिथली घरं जास्त स्वच्छ आणि दुरुस्त, त्याच रस्त्यानं ती जाणार! सारं शहर झाडू घेऊन कामाला लागलं. मिरवणुकीत सफाई कामगारांनाही मानानं हार घातले गेले. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

मला वाटतं, नुसती वारशाची पाटी लावून तुंबलेली नाली वाहती होत नाही, अन् जेसीबी फिरवला तर पिढ्यांचा शेजार परत मिळत नाही. पाणी कुठं भरतो, लेकरं कुठं खेळतात, म्हाताऱ्या कुठं टेकतात, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? मैत्रिणींनो, शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत आपल्या गल्लीचा एक तरी अर्ज जायलाच हवा.