श्रीगाडगे महाराजांची काटकसर

कर्ज काढून थाटमाट करणें ही आपल्या लोकांची जुनी खोड होय. वऱ्हाडांत काय किंवा आमच्या झाडीपट्टींत काय, धान घरांत येण्यापूर्वींच लग्नाच्या पंगतींत तें संपवून बसलेलीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत. ह्या खोडीशीं जन्मभर झगडलेले सत्पुरुष म्हणजे गाडगे महाराज.

त्यांचें मूळचें नांव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं, परीट कुळांत, ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायीं अकालीं वारले. आई सखूबाई मुलास घेऊन दापुरें येथें माहेरीं राहिली. डेबूनें मामाचीं गुरें राखिलीं, पुढें नांगर धरिला. परंतु घरांत कोणासच लिहितां-वाचतां येत नव्हतें. सावकाराचा हिशेब कळेना, आणि कर्जापायीं शेत गेलें.

पुढें डेबूजींस मुलगी झाली. बारशास रिवाजाप्रमाणें दारू व मांस द्यावयाचें. त्यांनीं साधें गोड जेवण वाढिलें. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील हाच प्रसंग सर्वांत कठीण. रानांत उपाशी राहणें एक वेळ जमेल, पण सोयऱ्यांच्या तोंडावर रिवाज मोडणें जमत नाहीं!

१९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, हातीं फुटकें गाडगें व खराटा. गांवांत शिरतांच रस्ते झाडावे, मग भाकर मागावी आणि रात्रीं कीर्तन करावें. लग्नाकरितां ऋण काढूं नये; बायकोस लुगडें कमी किंमतीचें घ्यावें; ताट विकून हातावर भाकर खावी, पण मुलास शाळेंत घालावें, असें ते सांगत. पितळी भांड्यांकरितां प्रसिद्ध असलेल्या आमच्या भंडाऱ्यास हा उपदेश थोडा झोंबणारा खरा. गुंडगंगाळांची चकचकीत रांग ही येथें घराची अब्रू समजली जात असे. शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या पुरुषाचें नांव आज अमरावतीच्या विद्यापीठास आहे.

विद्यार्थीहो, ही काटकसर कृपणाची नव्हे. लोकांनीं दिलेल्या लाखों रुपयांतून त्यांनीं पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें धर्मशाळा बांधविल्या. स्वतःचीं बायकामुलें मात्र झोपडींतच ठेविलीं. बायकामुलांवर हें कठोर झालें, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. ता. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीकडे जातांना, वलगांवजवळ पेढी नदीच्या कांठीं, वाटेंतच त्यांचें देहावसान झालें.