भाडेकरूंची सेनानी : मेरी बार्बर

मुंबईच्या जुन्या चाळीत उभे आयुष्य काढलेल्या वृद्ध भाडेकरूला घरमालक मनमानी भाडेवाढ करून बाहेर काढू शकत नाही. या संरक्षणाचा माग काढत गेल्यास तो १९१५ सालच्या ग्लासगो शहरात पोहोचतो. स्कॉटलंडमधील या औद्योगिक नगरीत भाडेवाढीविरुद्ध स्त्रियांनी जो लढा दिला, त्याचे नेतृत्व मेरी बार्बर या एका कामगाराच्या पत्नीकडे होते.

मेरी यांचा जन्म फेब्रुवारी १८७५ मध्ये किलबार्कन या विणकरांच्या गावी झाला. सात भावंडांत त्या तिसऱ्या. वडील गालिचे विणत. मेरी यांनीही लहान वयातच कारखान्यात सूत पिळण्याचे आणि पुढे गालिच्यांच्या छपाईचे काम केले. १८९६ मध्ये डेव्हिड बार्बर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या ग्लासगोलगतच्या गोव्हन या जहाजबांधणीच्या वस्तीत राहावयास आल्या. त्यांचे पहिले मूल मेंदूज्वराने तान्हेपणीच दगावले. कोंदट, दाटीवाटीच्या घरांत बालकांचे मृत्यू ही त्या काळी नित्याची घटना होती. सहकारी चळवळीच्या महिला मंडळातून आणि स्वतंत्र मजूर पक्षातून त्या सार्वजनिक कार्यात आल्या.

गोव्हनमधील कामगार तीन-चार मजली दगडी इमारतींत राहत. सामाईक जिना, सामाईक शौचालय आणि एक किंवा दोन खोल्यांचा संसार. आपल्याकडील चाळींचीच ही आवृत्ती. पहिले महायुद्ध सुरू होताच युद्धसाहित्याच्या कारखान्यांत कामासाठी हजारो लोक शहरात आले. घरांची टंचाई झाली आणि घरमालकांनी भाडी वाढविली, काही ठिकाणी तर २५ टक्क्यांपर्यंत. ज्यांचे उत्पन्न वाढण्याची शक्यताच नव्हती, त्यांना या वाढीची सर्वाधिक झळ बसली. आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या पत्नी त्यांत होत्या, तसे वृद्धही होते. १९०९ पासून ब्रिटनमध्ये सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग निवृत्तिवेतन मिळत असे. अशा वृद्धाचे भाडे आठवड्याला एका शिलिंगाने वाढले, तर त्याच्या वेतनाचा पाचवा हिस्सा त्यातच जाई. तरुण कामगार जादा काम करू शकत होता, दुसरीकडे बिऱ्हाड हलवू शकत होता. वृद्धापुढे यांपैकी एकही मार्ग खुला नव्हता.

मेरी बार्बर यांनी यावर साधा उपाय काढला. जुने भाडे द्यायचे, वाढ मात्र द्यायची नाही. स्वयंपाकघरांतून आणि इमारतींच्या मागील अंगणांतून सभा भरू लागल्या. खिडक्या-खिडक्यांत भाडेवाढ न देण्याचे फलक लागले. घर खाली करून घेण्यासाठी बेलिफ येताना दिसला, की एखादी स्त्री घंटा वाजवी आणि शेजारणी हातातले काम टाकून जिना अडवीत. बेलिफावर पिठाचा आणि ओल्या कपड्यांचा मारा होई. एकदा घरमालकाच्या कारभाऱ्याने इतरांनी वाढीव भाडे भरल्याची थाप मारून काही स्त्रियांकडून पैसे वसूल केले. तेव्हा मेरी गोदीतील कामगारांना घेऊन त्याच्या कचेरीवर गेल्या आणि पैसे परत घेऊनच बाहेर पडल्या. हेलन क्रॉफर्ड, ॲग्नेस डोलन या सहकारी स्त्रियांच्या साथीने लढा पसरला. नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबे त्यात उतरली होती.

१७ नोव्हेंबर १९१५ रोजी १८ भाडेकरूंना न्यायालयात हजर राहण्याचे आदेश होते. थकलेली रक्कम त्यांच्या पगारातून कापून घेण्याचा घरमालकांचा बेत होता. त्या दिवशी हजारो स्त्रिया व गोदी कामगार न्यायालयावर चालून गेले. युद्धसाहित्याचे उत्पादन थांबण्याच्या भीतीने मंत्री लॉइड जॉर्ज यांच्याशी दूरध्वनीवरून संपर्क साधण्यात आला आणि खटले मागे घेतले गेले. डिसेंबर १९१५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठविली.

मेरी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९२० मध्ये त्या ग्लासगो महापालिकेवर निवडून आल्या. १९२४ साली बेली, म्हणजे नगरदंडाधिकारी, हे पद मिळालेल्या तेथील पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत. सार्वजनिक स्नानगृहे आणि धुलाईगृहे, शाळकरी मुलांना मोफत दूध, मातांना निवृत्तिवेतन, घरकामात असमर्थ असलेल्यांना मदतनीस, या मागण्या त्यांनी लावून धरल्या. घर टिकले तरी त्या घरात माणसाला जगता आले पाहिजे, ही जाणीव या कार्यामागे होती.

युद्धाने घरभाड्याचा प्रश्न मुंबईतही उभा केला. १९१८ मध्ये येथे ब्रिटिश कायद्याच्याच धर्तीवर युद्धकालीन भाडेनियंत्रण आले. पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आणि ३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र कायदा, असा हा प्रवास आहे. या कायद्यांनी असंख्य वृद्धांचे छप्पर राखले. मात्र दीर्घकाळ गोठलेल्या भाड्यांतून दुरुस्ती करण्यास मालक राजी नसत. इमारती खचत गेल्या आणि १९७१ साली दुरुस्ती मंडळ स्थापन करावे लागले. पडक्या जिन्यावरून उतरणाऱ्या वृद्धाला भाड्याची कमाल मर्यादा पुरेशी नसते. ग्लासगोने हे लवकर ओळखले. त्या लढ्याचे पाठीराखे जॉन व्हीटली यांनी आरोग्यमंत्री म्हणून १९२४ मध्ये कायदा करून महापालिकांच्या घरबांधणीस सरकारी अनुदान दिले. भाडे रोखणे आणि राहण्याजोगी घरे बांधणे, ही दोन्ही कामे हातात हात घालून व्हावी लागतात.

मेरी बार्बर १९३१ मध्ये महापालिकेतून निवृत्त झाल्या, तरी गरीब मुलांना समुद्रकिनारी सहलीस नेण्याचे काम त्यांनी सोडले नाही. २ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे कित्येक वर्षे शहराला त्यांचा विसर पडला होता. ८ मार्च २०१८ रोजी गोव्हनच्या चौकात लोकवर्गणीतून त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्यात त्या एकट्या नाहीत. त्यांच्या मागे भाडेकरूंची रांग आहे.