पाद्री जुझे वाझ

आमच्या पेडण्याच्या घरात मरियेच्या तसबिरीशेजारी एका कृश पाद्रींचे चित्र आहे. लहानपणी मला ते कोणी दूरचे नातेवाईकच वाटत. आजी रोज त्यांच्याशी बोले, कधी भांडेसुद्धा. ते म्हणजे जुझे वाझ.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीस झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. शिवाजी महाराजांनी १६६८ साली डिचोलीतील नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला तेव्हा ते १७ वर्षांचे होते. शाळेत महाराजांचा इतिहास पाठ केला, पण हे दोघे एकाच काळातले हे माझ्या ध्यानातच आले नव्हते! आमचे पेडणे व डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतेच. ते तिथे आले अठराव्या शतकाच्या अखेरीस.

१६७७ साली सांकवाळला त्यांनी आपण मरियेचे दास असल्याचे पत्र लिहून दिले. १६८१ पासून तीन वर्षे ते कानडी मुलखात, कुंदापूर, बसरूर, गंगोळीकडे हिंडले. मंगळूरजवळ मुडिपूच्या टेकडीवर आज त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे. कन्नड विभागाच्या वाचकांना हे मुद्दाम सांगतो, कारण आम्ही गोवेकर त्यांना आमच्यापुरतेच समजतो.

पुढे श्रीलंका. तिथे किनारपट्टीवर वलंदेजांचे राज्य. कॅथलिक पाद्रींना बंदी. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेषात जाफन्यास उतरले आणि हगवणीने रस्त्याच्या कडेला पडले. एका बाईने पेज पाजून वाचवले असे सांगतात. तमिळ शिकले, सिंहली शिकले. १६९२ साली कँडीला गेले तो पोर्तुगीजांचे हेर म्हणून तुरुंगात! ज्या राजाने त्यांना डांबले त्याच्याच राजधानीत १६९७ साली देवीची साथ आली. लोकांनी आपली आजारी माणसे रानात सोडली. वाझ व त्यांचे भाचे पाद्री कार्व्हाल्यू यांनी झोपड्या बांधून त्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना पुरले. तो रोगी बुद्धाचा की ख्रिस्ताचा, हे त्यांनी विचारले नाही. मी वाणिज्य शाखेचा. हिशेबाच्या वहीत या कामाची नोंद कोणत्या बाजूला करायची ते मला अजून कळलेले नाही.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे देहावसान झाले. गोव्याला ते परतलेच नाहीत.

१४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. घरी टीव्हीवर तो सोहळा चालू होता. पपांना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत आजी चित्राशी एक शब्द बोलली नव्हती. पपांसाठी तिने काय काय नवस केले होते ते मला ठाऊक होते. त्या दिवशी ती उठली, चित्रावरची धूळ पदराने पुसली आणि मेणबत्ती शोधायला मला आत पाठवले.