कान्हेरीच्या डोंगरात थांबलेला कुंचला

ठाणे - कोलशेतच्या खाडीकाठावरून पश्चिमेला नजर टाकली की टोलेजंग इमारतींमागे येऊरचे डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडील कान्हेरीची लेणी रेखाटताना जडलेल्या तापाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्यात मरण पावला. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांच्या चित्रामुळे इतिहासप्रेमींना तो परिचित आहे. त्याची अखेर ठाण्यात झाली, हे मात्र खुद्द ठाणेकरांना क्वचितच ठाऊक असते.

१७४७ मध्ये जन्मलेला वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला आणि ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारी पोहोचला. व्यक्तिचित्रांवर त्याचा चरितार्थ चाले. ओढ मात्र रानातल्या लेण्यांची. पुण्याचा गंगाराम तांबट हा त्याचा साहाय्यक.

जागेवर केलेली ही रेखाटने पूर्णत्वास नेली ती दुसऱ्याच हाताने. १७९३ मध्ये मुंबईत वेल्सला भेटलेल्या थॉमस डॅनियलने त्यांवरून वेरूळची २४ दृश्ये १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. रेषा वेल्सच्या, छायाप्रकाश डॅनियलच्या देखरेखीखालचा! पुणे दरबाराचे १८०५ चे भव्य चित्रही असेच वेल्सच्या रेखाटनांवरून रंगले. त्यातला १७९० चा तह झाला, तेव्हा वेल्स हिंदुस्थानात आलाही नव्हता.

वेरूळच्या त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर वेल्स आणि डॅनियल आहेत, गंगाराम नाही. त्याची रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.