काळा गोळा आणि माणेकजी

लॉज म्हटलं की आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांना एसटी स्टँडसमोरचं लॉजिंग-बोर्डिंगच आठवणार. हॉस्टेलवर डॅन ब्राऊनची कादंबरी या खोलीतून त्या खोलीत फिरली, तेव्हा निदान काही जणांना तरी कळलं की लॉज आणखी एका प्रकारचं असतं, फ्रीमेसन लोकांचं. मग कँटीनमध्ये चर्चा सुरू. ते म्हणे जग चालवतात, कवट्या पुजतात, वगैरे वगैरे. मला त्या चर्चेत फारसा रस नव्हता. पण वाचता वाचता मुंबईच्या एका माणसापाशी येऊन थांबलो, आणि त्याची गोष्ट मला कादंबरीपेक्षा जास्त आवडली.

माणेकजी करसेटजी. जन्म १८०८, मुंबई, श्रीमंत पारशी घराणं. मेकॅनिकलवाले लगेच हात वर करतील की हे ते रॉयल सोसायटीचे फेलो झालेले ना? नाही मित्रांनो, ते अर्देशीर करसेटजी वाडिया. जन्म त्याच १८०८ चा, वडिलांचं नावही तेच, त्यामुळे घोळ होतो. अर्देशीरनी १८३४ मध्ये माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले आणि १८४१ मध्ये ते पहिले भारतीय एफआरएस झाले. आपले माणेकजी इंजिनियर नव्हेत. पुढे ते मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात न्यायाधीश झाले. पण दोघांच्याही आयुष्यात एक गोष्ट सारखी दिसते. साहेबांनी बंद ठेवलेलं दार ठोठवत राहायचं.

माणेकजींनी ठोठावलेलं एक दार एशियाटिक सोसायटीचं. मुंबईच्या टाऊन हॉलमधली ही विद्वानांची संस्था तेव्हा फक्त युरोपियनांची. आधी नकार पचवून १८४० मध्ये ते तिथे सभासद झाले, पहिले भारतीय. दुसरं दार फ्रीमेसन लॉजचं, आणि ते जास्त चिवट निघालं.

इथे थोडं तांत्रिक सांगतो. फ्रीमेसन म्हणजे मुळात गवंडी. युरोपात मोठमोठी चर्चेस बांधणाऱ्या दगडकाम करणाऱ्यांचे संघ होते. पुढे त्यांत बांधकामाशी संबंध नसलेले लोक येत गेले आणि हत्यारं नुसती खुणेपुरती उरली. १७१७ मध्ये लंडनला पहिली ग्रँड लॉज झाली. गुण्या, कर्कटक, ओळंबा, लेव्हल, थापी ही सगळी त्यांची चिन्हं. सिव्हिलवाल्यांनी छाती फुगवायला हरकत नाही. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणं, लेव्हल म्हणजे सगळे एका पातळीवर, असे त्यांचे अर्थ. देवाला ते विश्वाचा महान आर्किटेक्ट म्हणतात. कुठल्या धर्माचा देव हे विचारायचं नाही, पण तो मानला पाहिजे. अप्रेंटिस, फेलोक्राफ्ट आणि मास्टर मेसन अशा तीन पायऱ्या. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही.

आणि नवीन माणूस घ्यायचा की नाही, ते ठरवायची पद्धत फार मजेशीर. एक लाकडी पेटी फिरते. प्रत्येकजण आत हात घालून एक गोळा टाकतो. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. कोणी कुठला टाकला हे कुणालाच कळत नाही. एखाद-दुसरा काळा गोळा निघाला तरी खेळ खलास. कारण सांगायचं बंधन नाही. आपल्याकडे क्लबच्या सिलेक्शनमध्ये निदान तोंडावर तरी सांगतात!

तर माणेकजींनी मुंबईच्या लॉज पर्सिव्हरन्सकडे अर्ज केला आणि पेटीतून काळा गोळा निघाला. ज्या मंडळींचं सगळं तत्त्वज्ञान लेव्हलवर उभं, त्यांनीच लेव्हल बाजूला ठेवून दिली. भारतीय मेसन हा प्रकारच कधी झाला नव्हता असंही नाही. अर्काटच्या नवाबाचा मुलगा १७७० च्या दशकातच मद्रासकडे मेसन झाला होता. पण नवाबाचं सगळंच वेगळं. मुंबईच्या साहेबांशी रोज व्यवहार करणारा, इंग्रजी बोलणारा, बरोबरीनं बसू मागणारा पारशी ही त्यांना पचणारी गोष्ट नव्हती असं मला वाटतं.

आपण काय केलं असतं? दोन दिवस मेसमध्ये शिव्या घातल्या असत्या आणि विषय सोडला असता. माणेकजी युरोपला गेले आणि पॅरिसमधल्या एका लॉजमध्ये रीतसर मेसन होऊन परत आले. म्हणजे आता अर्जदार राहिलेच नाहीत, मेसनच झाले. नियमाप्रमाणे मेसन दुसऱ्या मेसनचा भाऊ. त्या भावाच्या नात्यानं त्यांनी पुन्हा पर्सिव्हरन्सचं दार वाजवलं. पुन्हा नकार! तुमचं सर्टिफिकेट खरं, तुम्ही खरे, पण आमच्यात नको.

आता डॉ. जेम्स बर्न्स येतो. स्कॉटिश, माँट्रोजचा, रॉबर्ट बर्न्स या कवीच्या नात्यातला. कंपनी सरकारचा डॉक्टर, कच्छमध्ये भुजला राहिलेला, सिंधच्या अमिरांवर उपचार करायला हैदराबादला जाऊन आलेला. पश्चिम भारतातल्या स्कॉटिश लॉजेसचा तो प्रमुख होता. त्याचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, २ नोव्हेंबर १८४१ ला काबूलमध्ये जमावाच्या हातून मारले गेले. त्यानंतर जेम्सनं इथल्या लोकांकडे पाठ फिरवली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यानं उलट केलं. १५ डिसेंबर १८४३ ला मुंबईत त्यानं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे नवीन लॉज काढलं, भारतीयांना प्रवेश देण्यासाठी म्हणूनच. माणेकजी त्यात पहिल्यापासून. शपथ ज्यानं त्यानं आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची, पारशानं अवेस्तावर, मुसलमानानं कुराणावर. बर्न्सचा चेहरा असलेलं एक पदकही या निमित्तानं पाडलं गेलं. १८४९ मध्ये तो भारत सोडून गेला.

हे वाचून एकदम भारावून जायची गरज नाही. भारतीयांसाठी वेगळं लॉज काढणं म्हणजे पर्सिव्हरन्सच्या पेटीतले काळे गोळे तसेच राहू देणं, असाही त्याचा अर्थ होतो. शिवाय हिंदूंचा प्रश्न लोंबकळतच राहिला. अनेक देव मानणारा माणूस एका आर्किटेक्टची शपथ कशी घेणार, असा साहेबांचा मुद्दा. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना त्यासाठी नऊ वर्षं झगडावं लागलं, तेव्हा कुठे १८७२ मध्ये ते आत गेले. पण रायझिंग स्टार चाललं. पौर्वात्य विद्येचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा १८५४ मध्ये तिथेच मेसन झाले. त्यांच्या मेसन असण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून मित्रांनी लेखांचा एक ग्रंथच काढला, १९०७ मध्ये. पुढे स्वातंत्र्यानंतर, १९६१ मध्ये, भारताची स्वतःची ग्रँड लॉज झाली.

माणेकजींकडे परत येतो, कारण मला त्यांचं खरं काम लॉजच्या बाहेर दिसतं. मेसनमध्ये बायकांना प्रवेश नाही. आणि या मेसननं आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली ती मुलींच्या शिक्षणात! आपल्या मुलींना त्यांनी इंग्रजी शिकवलं, पाहुण्यांत वावरू दिलं. जातभाईंना हे अजिबात आवडलं नाही. मग त्यांनी भायखळ्याच्या आपल्या बंगल्यातच मुलींचा वर्ग सुरू केला आणि त्यातूनच १८६३ मध्ये अलेक्झांड्रा नेटिव्ह गर्ल्स इंग्लिश इन्स्टिट्यूशन ही शाळा उभी राहिली. त्याच वर्षी लग्न झालेल्या इंग्लंडच्या युवराज्ञीचं नाव शाळेला दिलं. मला यात थोडी हुशारीही दिसते. युवराज्ञीच्या नावाच्या शाळेला उघड विरोध करणार कोण?

लॉजवाल्यांशी भांडताना समोर साहेब होते, इथे समोर आपलेच. आणि आपल्याच माणसांचा काळा गोळा जास्त लागतो, हे ज्यानं घरी न विचारता ब्रँच बदलली आहे त्याला सांगायला नको.

१८८७ मध्ये माणेकजी वारले. त्यांचा मुलगा ऑक्सफर्डला शिकून वडिलांसारखाच न्यायाधीश झाला. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, फोर्टात फ्रीमेसन्स हॉलची इमारत झाली. शाळाही फोर्टातच. इंडस्ट्रियल व्हिजिटला मुंबईत गेलात आणि संध्याकाळ मोकळी मिळाली, तर सीएसएमटीला उतरून दोन्ही चालत बघून होतात. हॉलच्या दर्शनी भागावर गुण्या आणि कर्कटक शोधा. आत सोडतीलच असं नाही.