आपल्याच गळ्यात डोकावून पाहणारे शिक्षक : मॅन्युएल गार्सिया



विज्ञानात ध्वनीचा पाठ शिकवताना स्वरयंत्राची आकृती येते. आपण ती फळ्यावर काढतो, भागांना नावे देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण माणूस बोलत असताना त्याच्या गळ्यात नेमकं काय हलतं, हे नीट पाहिलं कोणी, असं एखाद्या मुलाने विचारलं तर? उत्तर ऐकून मुलांना गंमत वाटेल. ते काम एका गाणं शिकवणाऱ्या शिक्षकाने केलं, आणि तेही स्वतःच्याच गळ्यात डोकावून. त्यांचं नाव मॅन्युएल गार्सिया. आवाजावरच आपलं पोट आहे, म्हणून त्यांचं चरित्र आपल्याला माहीत असायलाच हवं.

गाणाऱ्यांच्या घरात जन्म

गार्सियांचा जन्म १७ मार्च १८०५ रोजी स्पेनमध्ये झाला. वडिलांचं नावही मॅन्युएलच. ते युरोपातले नावाजलेले गायक होते. संगीतकार रोसिनी यांच्या 'द बार्बर ऑफ सेव्हिल' या संगीत नाटकात १८१६ साली काउंटची भूमिका सर्वांत आधी त्यांनीच गायली. मारिया मालिब्रान आणि पॉलिन व्हियार्दो या दोघी बहिणी पुढे फार मोठ्या गायिका झाल्या. अशा घरातल्या मुलाने गायकच व्हायचं, हे जणू ठरलेलंच होतं.

१८२५ साली हे सगळं कुटुंब जहाजाने न्यूयॉर्कला गेलं. तिथे २९ नोव्हेंबरला त्यांनी हेच नाटक इटालियन भाषेत सादर केलं. विशीतला मॅन्युएल त्यात फिगारो झाला होता. प्रयोगामागून प्रयोग होत राहिले. कोवळ्या गळ्यावर भलताच ताण पडला. पुढे इटलीत नेपल्सच्या रंगमंचावर नशीब आजमावून पाहिलं, पण लोकांना त्यांचं गाणं रुचलं नाही. पंचविशीच्या आतच त्यांचं गायक म्हणून आयुष्य संपलं.

आवाज गेला, प्रश्न मात्र राहिला

दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून बसला असता. गार्सियांनी वेगळाच विचार केला. आपला आवाज का बिघडला? आवाज मुळात तयार तरी कसा होतो? १८३० साली ते फ्रेंच सैन्याच्या मोहिमेबरोबर अल्जीरियाला गेले. परत आल्यावर पॅरिसच्या लष्करी रुग्णालयांत काम करताना त्यांनी गळ्याच्या रचनेचा अभ्यास केला. मृत शरीरांतली आणि प्राण्यांची स्वरयंत्रे तपासली. १८४० साली मानवी आवाजावरचा आपला प्रबंध त्यांनी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला.

त्यांना काय दिसत होतं, काय नाही?

इथे थोडं थांबून गळ्याची रचना बघू या. घशाच्या मागच्या बाजूने खाली दोन वाटा जातात. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. श्वासनलिकेच्या तोंडाशी कूर्चेची एक छोटी पेटी असते, तेच स्वरयंत्र. पुरुषांच्या गळ्यावर पुढे आलेला कंठमणी म्हणजे या पेटीचीच पुढची कड. पेटीवर पानाच्या आकाराचं एक झाकण असतं. घास गिळताना पेटी वर उचलली जाते, झाकण खाली येतं आणि अन्न मागच्या वाटेने जातं. जेवताना बोललं की ठसका का लागतो, ते मुलांना इथेच सांगून टाकावं.

पेटीच्या आत दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असलं तरी त्या तारा नव्हेत, स्नायूंच्या दोन घड्याच म्हणा ना. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर होतात आणि मध्ये त्रिकोणी फट पडते. बोलताना त्या जवळ येतात आणि फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून जाताना त्या थरथरतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात ही थरथर सेकंदाला साधारण १०० वेळा होते, बाईच्या बोलण्यात साधारण २०० वेळा.

आता गार्सियांची अडचण लक्षात घ्या. मृत शरीरातलं स्वरयंत्र गप्प असतं. जिवंत माणसाचं चालू असतं, पण ते जिभेच्या मुळाशी, वळणाच्या पलीकडे, अंधारात. काही डॉक्टरांनी त्यांच्याआधी नळ्या आणि आरसे वापरून पाहिले होते, पण आवाज कसा निघतो याचा उलगडा झाला नव्हता.

सहा फ्रँकचा आरसा

१८५४ चा सप्टेंबर महिना. गार्सिया एकोणपन्नास वर्षांचे होते आणि पॅरिसला आले होते. राजवाड्याच्या बागेत फिरताना खिडक्यांच्या काचांवर चमकणारं ऊन त्यांनी पाहिलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एका आरशाने ऊन आत पाठवायचं आणि दुसऱ्याने आतलं दृश्य बाहेर आणायचं!

ते तडक शारिएर यांच्या वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात गेले. तिथे दंतवैद्यांसाठी केलेला, लांब दांड्याचा एक छोटा आरसा पडून होता. तो कोणी घेत नव्हतं. गार्सियांनी तो सहा फ्रँकला घेतला. घरी येऊन तो गरम पाण्यात बुडवला, म्हणजे श्वासाच्या वाफेने धुरकटणार नाही. मग पुसून पडजिभेला टेकवला आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं. समोर त्यांचेच स्वरतंतू उघडमीट करत होते!

त्यांनी स्वतःवरच पुन्हा पुन्हा प्रयोग केले. स्वरयंत्रात घड्यांच्या दोन जोड्या असतात. आवाज फक्त खालच्या जोडीतून निघतो, हे त्यांनी मांडलं. १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर त्यांचा निबंध वाचला गेला.

डॉक्टरांच्या हातात

गार्सियांना हा आरसा गाणं समजण्यासाठी हवा होता. त्याचा रोगनिदानासाठी उपयोग दुसऱ्यांनी केला. १८५७ साली व्हिएन्नाचे डॉ. ट्युर्क तो रुग्णांवर वापरू लागले, पण हिवाळ्यात ऊन कमी झालं आणि काम थांबलं. तेच आरसे डॉ. चेरमाक यांनी मागून घेतले आणि दिव्याचा प्रकाश वापरून अडचण सोडवली. पुढे श्रेय कोणाचं यावरून दोघांत वाद पेटला. गार्सिया मात्र आपले विद्यार्थी शिकवत राहिले. १८६२ साली कोनिग्सबर्ग विद्यापीठाने या गाण्याच्या मास्तरांना मानद वैद्यकीय पदवी दिली. आज दुर्बीण आली आहे, तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे तो लांब दांड्याचा आरसा अजून दिसतो.

शिक्षक म्हणून गार्सिया

१८४१ साली स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड त्यांच्याकडे आली. अति गायल्याने तिचा आवाज बसला होता. गार्सियांनी तिला लगेच शिकवायला घेतलं नाही. आधी काही आठवडे गळ्याला पूर्ण विश्रांती द्यायला लावली, मग पायापासून सुरुवात केली. तीच जेनी पुढे युरोप-अमेरिकेत गाजली. स्वतःच्या गळ्याला जी विश्रांती मिळाली नाही, ती त्यांनी शिष्येला दिली. मला तर आरशाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

१८४८ पासून १८९५ पर्यंत त्यांनी लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवलं. १७ मार्च १९०५ रोजी त्यांची शंभरी साजरी झाली. इंग्लंडच्या राजाने त्यांना राजवाड्यात बोलावून गौरवलं. १ जुलै १९०६ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, लंडनमध्येच त्यांचं निधन झालं.

आपल्या वर्गासाठी

मुलांना गळ्यावर हलकेच बोटं ठेवून आधी 'स्स्स' आणि मग 'झ्झ्झ' म्हणायला सांगा. 'स'ला बोटांना काही जाणवत नाही, 'झ'ला थरथर लागते. मग थुंकी गिळायला सांगा. पेटी वर जाऊन खाली येते ते बोटांना कळतं. आकृतीआधी हे करून घेतलं तर पाठ पक्का बसतो.

सातवी-आठवीतल्या मुलांचा आवाज फुटतो, कारण त्या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढतं आणि स्वरतंतू लांब होतात. त्यावरून वर्गात हसू होऊ देऊ नका. त्या दिवसांत समूहगीतात उंच पट्टीचा आग्रहही नको.

आणि आपलं काय? साठ मुलांच्या वर्गात आपण सकाळपासून आवाज चढवतो. संध्याकाळी घसा बसला तर गरम पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अधूनमधून पाणी प्या, टाळी किंवा घंटीने वर्ग शांत करा, बसलेल्या आवाजाने ओरडू नका. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल, तर घरगुती उपायांवर न थांबता घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असलेल्यांनी तर मुळीच टाळाटाळ करू नये. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते, आणि तो लवकर कळण्याची वाट त्या सहा फ्रँकच्या आरशानेच दाखवली आहे.